केअर प्लॅन लिहितं सगळं जग, वाचतं कोण?

नर्सिंग केअर प्लॅनचा, म्हणजे पेशंटची काळजी कशी घ्यायची ते नर्सने लिहून ठेवायच्या कागदाचा, विषय निघाला की आपल्याकडे दोनच आवाज ऐकू येतात. एक कॉलेजवाल्यांचा आणि इन्स्पेक्शनला येणाऱ्यांचा, की वॉर्डातल्या सिस्टरना ह्याचं नॉलेज नाही, अॅटिट्यूड बरोबर नाही, ट्रेनिंग लावा. दुसरा वॉर्डातला, की आधी माणसं द्या मग कागदं मागा, पेशंट बघू का फाईल रंगवू. हॉस्पिटलचा दर्जा तपासणारी एनएबीएचची नाहीतर एनक्यूएएसची टीम यायची असली की हे भांडण पुन्हा जोरात येतं, टीम गेली की दोन्ही पार्ट्या आपापल्या कामाला लागतात. मी वॉर्डातही काम केलंय आणि आता शिकवते, त्यामुळे दोन्हीकडची बोलणी खाऊन झालीयत, आणि माझं मत विचाराल तर दोघंही भलत्याच जागी भांडतायत. प्लॅन कसा लिहायचा हे सिस्टरना येतं. वेळ कमी आहे हे खरं, पण वेळ असलेल्या वॉर्डातही तो नीट लिहिला जात नाही. खरी गोची ही की लिहिलेला प्लॅन कोणी वाचत नाही आणि त्यात लिहिलेलं करून घ्यायचा अधिकार लिहिणारीकडे नाही. आणि तरीही तो टिकायला पाहिजे असं मला वाटतं, त्या बाबतीत मी कॉलेजवाल्यांच्याही चार पावलं पुढे आहे.

ज्यांचा हॉस्पिटलशी संबंध फक्त नातेवाईक म्हणून येतो त्यांच्यासाठी थोडं सांगते. आजाराचं काय करायचं हे डॉक्टर ठरवतात. ह्या आजारी माणसाचे पुढचे चोवीस तास कसे काढायचे हे नर्स ठरवते, निदान ठरवायला पाहिजे. बघा, अडचण ओळखा, काय साधायचंय ते ठरवा, करा, आणि जमलं का ते परत बघा. ह्या पायऱ्यांना नर्सिंग प्रोसेस म्हणतात आणि त्या कागदावर उतरल्या की तो केअर प्लॅन. समजा मेडिसिन वॉर्डात पॅरालिसिसचे एक काका आहेत, उजवी बाजू गेलेली, शुगर जुनी, तोंडातून लाळ गळतेय, बोलता येत नाही पण कळतं सगळं. डॉक्टरांच्या ऑर्डरीत गोळ्या आहेत, इंजेक्शनं आहेत, चार तासांनी बीपी आहे. पण काकांना पाणी गिळता येतंय का हे कोणी बघितलं नाही तर काकू प्रेमाने चमच्याचमच्याने चहा पाजणार, त्यातला अर्धा फुफ्फुसात जाणार आणि चौथ्या दिवशी काका न्यूमोनियाने आयसीयूत. माकडहाडावरची कातडी लाल पडायला लागलीय का, कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, अजून लागतंय का नुसतंच राहून गेलंय, उजव्या हाताला धरून ओढत उठवायचं नाही हे मावशी-मामांना सांगितलंय का, बोलता येत नाही तर दुखतंय का हे विचारायचं कसं? ह्यातलं बहुतेक काही ऑर्डरशीटवर येत नाही. हे सगळं नर्सिंगचं काम आहे आणि ते तीन शिफ्टला तीन वेगळी माणसं करणार आहेत.

आता त्याच काकांच्या फाईलमधला केअर प्लॅन उघडा. छापील फॉर्म, पाच रकाने. 'रिस्क फॉर इन्फेक्शन', 'अँक्झायटी रिलेटेड टू हॉस्पिटलायझेशन', 'नॉलेज डेफिसिट'. पुढच्या रकान्यात 'जनरल कंडिशन असेस केली, व्हायटल्स मॉनिटर केले, कम्फर्टेबल पोझिशन दिली, सायकॉलॉजिकल सपोर्ट दिला'. शेवटच्या रकान्यात 'गोल पार्शली मेट', म्हणजे ठरवलेलं थोडंफार साधलं. शेजारच्या बेडवर डेंग्यूचा पोरगा आहे, त्याच्या फाईलमध्ये हेच. त्याच्या पलीकडे लिव्हरवाला, त्यालाही हेच. एकच अक्षर, एकच पेन, आणि बहुतेक एकच रात्र. ह्या कागदावरून संध्याकाळच्या सिस्टरला काकांना पाणी पाजायचं का नाही एवढं तरी कळेल का? नाही कळणार, आणि म्हणून ती तो उघडतही नाही, आणि ती उघडत नाही हे माहिती असल्यामुळे सकाळची तसाच लिहिते.

आता ह्यावर आपल्याकडे अभ्यास काय होतो ते बघा. एमएस्सी नर्सिंगच्या थिसिसचं एक ठरलेलं गणित आहे, ज्यांनी केलंय त्यांना हसू येईल. नर्सेसचं नर्सिंग प्रोसेसबद्दलचं ज्ञान आणि दृष्टिकोन. एक प्रश्नावली, त्यात नर्सिंग प्रोसेसच्या पायऱ्या किती, पहिली कोणती असले ऑप्शनवाले प्रश्न. मग अॅटिट्यूडसाठी 'सहमत', 'पूर्ण सहमत' वाला तक्ता. प्री-टेस्ट, मग 'स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम' म्हणजे चार्ट लावून तासभर लेक्चर, मग आठवड्याभराने तीच प्रश्नावली परत. मार्क वाढतात. वाढणारच, तुम्ही पेपर फोडून परत तोच पेपर दिलाय. निष्कर्ष, ट्रेनिंग परिणामकारक आहे, सबब ट्रेनिंग वाढवावं. ह्यात वॉर्डात जाऊन फाईली उघडून बघायचं डोक्यातही येत नाही, कारण फाईलीतलं काही टेबलमध्ये बसत नाही. आणि अॅटिट्यूडचं म्हणाल तर 'केअर प्लॅनमुळे पेशंटची काळजी सुधारते' ह्यासमोर कोणती सिस्टर 'असहमत'वर टिक करेल, ते पण समोर मॅडम उभ्या असताना? म्हणजे दृष्टिकोन अनुकूल आणि फाईल कोरी. ही जी विसंगती आहे ना, खरा शोध तिथेच लागायचा आहे, आणि आपण नेमकं तिथूनच उठून निघून जातो. सगळ्यांना पटलेली, सगळ्यांनी परीक्षेत लिहिलेली गोष्ट जर कोणीच करत नसेल तर दोष त्या माणसांच्या डोक्यात शोधायचा का त्या जागेत, जिथे ती उभी आहेत?

'समज नाही' ह्या म्हणण्यातला पोकळपणा बघायचा असेल तर गडचिरोलीला जा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९३ ते १९९८ मध्ये ३९ गावांत नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग केला. काम करणाऱ्या होत्या गावातल्याच बायका, जेमतेम शाळा शिकलेल्या. बाळ जन्मल्यापासून ठरलेल्या दिवशी घरी जायचं, ठरलेल्या गोष्टी बघायच्या, वजन, श्वास, दूध ओढतंय का, रडणं कसं आहे, ते फॉर्मवर भरायचं, आणि ठरलेली लक्षणं एकत्र दिसली तर जंतुसंसर्ग धरून उपचार सुरू, गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शनसुद्धा. तपासा, ओळखा, ठरवा, करा, परत तपासा. चार वर्षांच्या बीएस्सीत आपण जे शिकवतो तेच की हे! तिसऱ्या वर्षापर्यंत, शेजारच्या तुलनेच्या गावांचा हिशेब धरून, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी खाली आला आणि १९९९ ला ते 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. आता मला सांगा, जे त्या बायकांना जमलं ते नर्सिंगचा जीएनएम डिप्लोमा नाहीतर बीएस्सी झालेल्या मुलींना कळत नाही म्हणायचं? फरक समजेत नव्हता. त्यांनी भरलेला प्रत्येक फॉर्म वरचा माणूस गावात येऊन तपासत होता, त्यावर बोलत होता, आणि फॉर्मवरून जो निर्णय निघेल तो घ्यायची मुभा त्या बाईलाच होती.

आणि आपल्याच मुली बाहेर गेल्यावर काय करतात ते बघा. इथे जिला 'केअर प्लॅनचा अॅटिट्यूड नाही' म्हणून मेमो मिळतो तीच दोन वर्षांनी आयर्लंडला नाहीतर दुबईला जाऊन रोज प्लॅन लिहिते, वाचते, शिफ्टला पुढच्या सिस्टरला समजावते. अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळवायच्या एनक्लेक्स परीक्षेत नर्सिंग प्रोसेस सगळ्या पेपरभर पसरलेली असते, त्यातून ह्याच पोरी पास होतात. विमानात बसल्यावर अॅटिट्यूड बदलतो काय?

आता दुसऱ्या बाजूकडे येते, कारण वॉर्डातल्या मैत्रिणींचे मुद्दे खरंच वजनदार आहेत आणि कॉलेजवाले ते कामचुकारपणा म्हणून उडवून लावतात, ते मला मुळीच पटत नाही.

पहिला, माणसं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा निकष टीचिंग हॉस्पिटलला तीन पेशंटमागे एक नर्स आणि जनरल हॉस्पिटलला पाचामागे एक असा सांगतात. नाईटला सरकारी मेडिसिन वॉर्डात एकदा चक्कर मारून या, खाली गाद्या टाकलेले पेशंट धरून मोजा, आणि एक स्टाफ नर्स अधिक एक स्टुडंट ह्याला भागा. हा नुसता रडगाण्याचा विषय नाही. लिंडा एकेन यांच्या टीमने २००२ साली पेन्सिल्व्हेनियातल्या हॉस्पिटलांचा अभ्यास छापला, सर्जरीच्या पेशंटांवरचा, त्यात नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. तिथे चार पेशंट का आठ ह्यावर वाद चालला होता. आपल्याकडे चाळीसवर एक असते आणि तिच्याकडून प्रत्येकाचा पाच रकान्यांचा प्लॅन मागायचा ही शुद्ध चेष्टा आहे. मान्य. एकदम मान्य. पण म्हणून प्लॅनच नको? चाळीस पेशंट असलेल्या बाईला तर जास्त गरज आहे हे ठरवायची की आज रात्री कोणत्या सहांकडे आधी बघायचं. ते ती ठरवतेच, मनातल्या मनात, राऊंड मारता मारता. चाळीसांचे चाळीस खोटे कागद लिहिण्यापेक्षा त्या सहांचे खरे लिहिले तर चालणार नाही का? नियम म्हणतो सगळ्यांचे पाहिजेत. मग नियम बदला. आणि एक गोष्ट वॉर्डातल्या लोकांनीही ऐकावी, माणसं वाढवून मागायला आपल्याकडे पुरावा काय असतो? 'काम फार आहे' हे तर प्रत्येक खात्यातला माणूस म्हणतो. दोन तासांनी कूस बदलायची असे नऊ पेशंट होते, हात एकीचे, पाच जणांचं झालं, चार जणांचं नाही, असं रोजच्या रोज लिहिलेलं असेल तर त्याला उत्तर द्यावं लागतं. खोटा प्लॅन लिहून आपण आपलीच केस बुडवतो, कारण कागदावर सगळ्यांची कूस बदललेली असते, सगळं व्यवस्थित चाललेलं असतं, मग जादा स्टाफ कशाला मंजूर करेल कोणी?

दुसरा मुद्दा जुन्या सिस्टर लोकांचा, आणि तो मला सगळ्यात अवघड वाटतो. त्या म्हणतात आमच्या वेळी कुठे होता तुमचा प्लॅन, आम्ही पेशंट बघून सांगायचो आज ह्याचं काही खरं नाही. आणि त्या सांगायच्या, बरोबर सांगायच्या, मी बघितलंय. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलच्या नर्सेसचं उदाहरण तर सगळ्या देशाला माहिती आहे. तिथल्याच नर्स अरुणा शानबाग हल्ल्यात जबर जखमी झाल्या, त्या १९७३ पासून २०१५ पर्यंत, म्हणजे जवळजवळ ४२ वर्षं त्यांच्या हातात होत्या, आणि अंथरुणाला खिळलेल्या त्या बाईंना बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणारी जखम, होऊ दिला नाही ही गोष्ट २०११ च्या खटल्यात सुप्रीम कोर्टापुढेही आली. कोर्टाने त्या नर्सेसचं कौतुक केलं. मग कशाला पाहिजे फॉर्म, माया असली की झालं, असं कोणी म्हटलं तर?

पण जरा विचार करा की हे झालं कसं. सुरुवातीला ज्यांनी केलं त्या रिटायर झाल्या, त्यांच्या जागी आल्या त्या बदलल्या, शेवटच्या काळात ज्या सेवा करत होत्या त्यातल्या कित्येक तर १९७३ ला जन्मल्याही नव्हत्या. इतक्या पिढ्यांत काय भरवायचं, कसं वळवायचं, त्यांना काय आवडतं, कशाने त्या बेचैन होतात हे एकीकडून दुसरीकडे न चुकता पोचत राहिलं. हे एकीच्या मायेने होत नाही. सगळ्या वॉर्डाने एक माणूस डोक्यात धरला होता, हाच तर केअर प्लॅन. पण तो एका पेशंटसाठी होता, ज्या पेशंटला सगळं हॉस्पिटल ओळखत होतं. परवा रात्री अॅडमिट झालेल्या आणि पुढच्या आठवड्यात घरी जाणाऱ्या माणसाला ते कसं मिळणार? त्यातून आज वॉर्डातली अर्धी मुलं कंत्राटी, अकरा महिन्यांच्या ऑर्डरवरची, आज मेडिसिन तर उद्या लेबर रूम. जुन्या सिस्टरच्या डोक्यातलं त्यांच्या डोक्यात जायला कोणता रस्ता ठेवलाय आपण?

फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६० च्या सुमाराला नर्सिंगवर जे छोटं पुस्तक लिहिलं त्यात एक अख्खं प्रकरण ह्याच गोष्टीवर आहे. तिचं म्हणणं थोडक्यात असं की तुम्ही हजर असताना जे करता ते तुम्ही नसतानाही होईल अशी व्यवस्था लावता आली नाही तर बाकीची सगळी चांगली नर्सिंग वाया जाऊ शकते. दिवा घेऊन फिरणारी बाई म्हणून आपण तिचे फोटो लावतो, मे महिन्यात केक कापतो, आणि तिचा हा मुद्दा मात्र सोडून देतो. गावाला जाताना आपण शेजारणीला सांगून जातो ना, झाडांना पाणी घाल, दूधवाल्याला अमक्या तारखेपासून नाही म्हण, तेवढी साधी गोष्ट आहे ही. दिवसाचे आठ तास सिस्टर असते आणि सोळा तास ती नसते. आपण चांगल्या नर्सचं कौतुक त्या आठ तासांसाठी करतो, पेशंट बिघडतो बहुतेक त्या सोळा तासांत.

तिसरा मुद्दा, भीती. ह्यावर कोणी उघड बोलत नाही पण चहाच्या वेळी सगळ्या बोलतात. 'दोन तासांनी कूस' असं लिहिलं आणि झालं नाही, मग पेशंटला बेडसोअर झाला, नातेवाईक कोर्टात गेले, तर तो कागद कोणाच्या गळ्यात? लिहिणारीच्या. त्यापेक्षा 'कम्फर्टेबल पोझिशन दिली' लिहा, ह्यात कोणी काही पकडू शकत नाही. १९९५ च्या शांता खटल्यापासून हॉस्पिटलची सेवा ग्राहक कायद्याखाली आली आहे, त्यामुळे ही भीती काही हवेतली नाही. मी म्हणते हे मोघम लिहिणं म्हणजे अज्ञान नाहीच, हे शहाणपण आहे, स्वतःला वाचवायचं शहाणपण. पण ते दुधारी आहे. कोर्टात मोघम कागदसुद्धा वाचवत नाही, कारण तिथे लिहिलं नाही ते केलं नाही असंच धरायचा कल असतो. 'रात्री २ वाजता कूस बदलली, ४ वाजता बदलता आली नाही, बेड ११ ला सीपीआर चालू होता, एकटीच ड्यूटीवर' हे वाक्य त्या बाईला जितकं वाचवेल तितकं दहा 'सायकॉलॉजिकल सपोर्ट' मिळून वाचवणार नाहीत. मात्र असं वाक्य लिहिल्यावर दुसऱ्या दिवशी मेट्रनच्या केबिनमध्ये तिला उभं केलं जाणार नाही ह्याची हमी आधी पाहिजे. ती आज नाही. मग ट्रेनिंग कोणाला द्यायचं, सिस्टरला का केबिनमधल्यांना?

चौथा मुद्दा विलायतेतून येतो आणि तो आपल्याकडे फारसा मांडलाच जात नाही म्हणून मीच मांडते. इंग्लंडमध्ये शेवटच्या दिवसांतल्या पेशंटसाठी 'लिव्हरपूल केअर पाथवे' नावाचा ठरलेला प्लॅन होता. हॉस्पिसमधली चांगली सेवा मोठ्या हॉस्पिटलात आणायची असा चांगला हेतू. पण जिथे समजून वापरला तिथे छान चालला आणि जिथे नुसत्या टिका मारल्या तिथे घरच्यांना न विचारता माणसाला त्या वाटेवर टाकलं, पाणी बंद झालं, अशा तक्रारी इतक्या आल्या की २०१३ ला चौकशी समितीने तो बंद करायला सांगितलं. ऑपरेशनच्या वेळी टिका मारत तपासायच्या सर्जरीच्या चेकलिस्टचंही बघा. २००९ ला आठ शहरांतल्या प्रयोगात, त्यात दिल्ली पण होती, मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ वर आलं, जगभर वाहवा. मग कॅनडात ओंटारियोमध्ये ती सगळीकडे लागू झाली आणि २०१४ ला १०१ हॉस्पिटलांचा हिशेब आला तर मृत्यूत म्हणण्यासारखा फरकच नाही. कागद तोच! म्हणजे 'फॉर्म आणा, काळजी सुधारेल' हे म्हणणं साफ खोटं आहे, आणि जे ऑडिटवाले फॉर्म भरल्याचे टक्के मोजून हिरवा शेरा देतात त्यांनी ह्याचं उत्तर द्यावं.

मी माझ्यापुरतं देते. अमेरिकेत मिशिगन राज्यात शंभरावर आयसीयूंनी मिळून सेंट्रल लाईनच्या, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या, इन्फेक्शनवर काम केलं, २००६ ला ते छापून आलं. यादी अगदी साधी होती, हात धुवा, कातडी क्लोरहेक्सिडीनने पुसा, पेशंटवर पूर्ण निर्जंतुक कापड घाला, मांडीतली शीर टाळा, गरज संपली की लाईन काढा. हे कोणाला माहिती नव्हतं? सगळ्यांना होतं. पण त्यासोबत एक गोष्ट केली, डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर नर्सने त्याला तिथेच थांबवायचं, आणि थांबवलं तर वरचे लोक तिच्या बाजूने उभे राहतील हे आधी ठरवून टाकलं. बऱ्याच आयसीयूंत इन्फेक्शनचा आकडा शून्यावर आला. यादी आणि तिच्यामागे अधिकार. ओंटारियोत यादी आली, बाकीचं प्रत्येकाने आपापल्या पद्धतीने समजून घेतलं.

हे आपल्याकडे आणून बघा. काकांचं कॅथेटर तिसऱ्या दिवशी काढता येईल असं सिस्टरने प्लॅनमध्ये लिहिलं. राऊंडला सर आले, मागे रेसिडेंट, मागे इंटर्न, त्यांच्या मागे ट्रे घेऊन ही. केस कोण सांगणार? रेसिडेंट. केअर प्लॅन कोणी उघडला? कोणी नाही. तिने मध्ये तोंड घातलं तर? काही युनिटमध्ये ऐकतात, खरंच ऐकतात, अशा सरांची नावं सिस्टर लोक वर्षानुवर्षं आदराने घेतात. पण पुष्कळ ठिकाणी 'सिस्टर, तुम्ही फक्त सांगितलेलं बघा'. ज्या बाईने विचार करावा अशी कोणाची अपेक्षाच नाही तिने विचार केल्याचा लेखी पुरावा मात्र रोज द्यावा, ही आपली मागणी आहे. गंमत म्हणजे ही नर्सिंग प्रोसेस ज्यांनी उभी केली त्यातल्या आयडा ऑर्लँडो यांचा १९६१ चा सगळा भर ह्यावरच होता की नर्सने ऑर्डर आली म्हणून यंत्रासारखं करू नये, पेशंटला विचारून, समजून, मग करावं. यंत्रासारखं काम नको म्हणून आलेली गोष्ट आपण यंत्रासारखी कॉपी करायला लावतो.

ह्याला आपला इतिहास पण आहे. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायकांना नर्सिंगच्या शिक्षणाकडे आणलं तेव्हा परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचं काम चांगल्या घरातल्या बाईचं नाही, हीच समजूत होती. ती समजूत आता तोंडावर कोणी बोलत नाही. पण नर्स म्हणजे हात, डोकं दुसऱ्याचं, हे मनात पक्कं बसलंय, आणि ते फक्त डॉक्टरांच्याच मनात आहे असं नाही, आपल्यापैकी कित्येकींच्या मनात आहे. आपल्याच मेट्रन लोकांनी कधी केअर प्लॅनवर सही करताना 'हा गोल का ठेवला' असं विचारलंय? सही करताना बघतात काय, तर रकाना रिकामा नाही ना.

मग करायचं काय? माझं मागणं फार मोठं नाही. पाच रकान्यांचा फॉर्म स्टुडंटला शिकायला ठेवा, तिथे तो लागतो, विचार कसा करायचा हे त्याशिवाय हाताला बसत नाही. वॉर्डात अर्धं पान पुरे. एका खाजगी हॉस्पिटलात एका इन्चार्ज सिस्टरने स्वतःच्या डोक्याने हे चालवलेलं मी जवळून बघितलंय. बेडच्या पायाशी क्लिपबोर्ड, त्यावर तीनच ओळी, ह्या पेशंटचं आज काय बिघडू शकतं, त्यासाठी काय करायचं, आणि काय दिसलं तर कोणाला फोन. मराठीत, कारण मावशींनीही वाचायचं होतं आणि नातेवाईकांनीही. 'पाणी चमच्याने नको, आधी सिस्टरला हाक मारा' हे काकूंनी वाचलं तर चोवीस तास पहारा फुकटात मिळतो की नाही? आणि ओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पेशंट पुढच्या सिस्टरच्या हवाली करणं, टेबलाशी बसून रजिस्टर वाचून नाही, बेडपाशी उभं राहून, ती पाटी हातात घेऊन. जाणारी सांगणार, येणारी पाटीवर बघणार आणि पेशंटकडे बघणार, जुळत नसेल तर तिथेच खोडून नवीन. ओव्हरला वेळ थोडा जास्त लागायचा, त्यावरून कुरकुर पण व्हायची, बस चुकते म्हणून. पण तिथे सकाळी काय लिहिलं ते दुपारी कोणीतरी वाचणार आहे हे माहिती असल्यामुळे कोणी 'सायकॉलॉजिकल सपोर्ट' लिहायच्या भानगडीत पडत नव्हतं. त्या सिस्टर नोकरी सोडून गेल्यावर पाट्याही गेल्या, कारण ऑडिटच्या यादीत त्या कुठे बसत नव्हत्या, छापील फॉर्म बसत होता.

कोणी म्हणेल मराठीत लिहिलं तर मल्याळी सिस्टरने काय वाचायचं. मग त्या वॉर्डात सगळ्यांना येते ती भाषा घ्या, हिंदी घ्या, मोडकं इंग्रजी घ्या. कोणी म्हणेल पेशंटची खाजगी माहिती उघड्यावर येते, ते बरोबर आहे, एचआयव्ही, गर्भपात असल्या गोष्टी पाटीवर कधीच नकोत, त्या फाईलमध्ये. हे सोडवता येण्यासारखे प्रश्न आहेत. राऊंडचा प्रश्न अवघड आहे. राऊंडला नर्सिंगच्या दोन ओळी सिस्टरने बोलायच्या आणि सरांनी ऐकायच्या हा नियम कोणी काढायचा, मेट्रनने का डीनने? मेट्रनने काढला तर कोणी ऐकणार नाही, आणि डीननी काढावा असं त्यांना कोणी सांगत नाही, कारण सगळे ट्रेनिंगचं वेळापत्रक लावण्यात गुंतलेत.

म्हणून ह्या वर्षी जे कोणी थिसिसला हा विषय घेतायत त्यांना एकच विनंती, प्रश्नावली घरी ठेवा. दुपारी तीन वाजता वॉर्डात जा, कोणतीही फाईल बाजूला काढा, आणि संध्याकाळच्या सिस्टरला फाईल न दाखवता विचारा की ह्या पेशंटचं आज रात्री काय सांभाळायचंय. ती जे सांगेल आणि फाईलमध्ये जे आहे ते किती पेशंटच्या बाबतीत जुळतं ते मोजा. मला वाटतं तिचं तोंडी उत्तर बहुतेक वेळा फाईलपेक्षा चांगलं निघेल, आणि नॉलेज नाही म्हणणाऱ्यांची पंचाईत होईल. आकडा वाईट आला तर त्याच्यापुढे त्या दिवशी ड्यूटीवर किती जणी होत्या, पेशंट किती होते, ओव्हर कुठे बसून झाला आणि सकाळच्या राऊंडला तो प्लॅन कोणी उघडला होता, हेही त्याच टेबलमध्ये लिहा.